ध्रुवक पटल
ध्रुवक पटल : ठराविक प्रतलात कंप पावणाराच प्रकाश पार जाऊ देणारे पातळ पटल. अमेरिकन संशोधक एडविन लँड यांनी १९२९ मध्ये त्याच्या एकस्वासाठी अर्ज केला. अशी दोन पटले परस्परांशी काटकोनात ठेवल्यास प्रकाश अडतो. मधल्या पदार्थाने प्रकाशाचे ध्रुवण बदलल्यासच तो पार जातो. १९७१ नंतर प्रचारात आलेल्या द्रव-स्फटिकी दर्शकांत अंक व चित्रे याच तत्त्वाने उमटतात. ध्रुवकयुक्त सूक्ष्मदर्शकाखाली खडकही याच रीतीने पारखतात. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार विवर ज्वालामुखीमुळे झाले की अशनीच्या आघाताने, हा जुना वाद होता. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन व सहकाऱ्यांनी तेथील बेसाल्टात मॅस्केलिनाइट आढळल्याचे प्रसिद्ध केले. तीव्र आघाताने फेल्स्पार खनिजाचे झालेले हे काचरूप काटकोनी ध्रुवकांमध्ये काळेच राहते. त्याच्या पुराव्याने विवराचे आघातजन्य स्वरूप निश्चित झाले.