रिकाब आणि आकड्यांची चाके

शिळाछापाची जुनी उर्दू किताब आमच्यापैकी अनेकांच्या घरात असेल. उजव्या पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, पुढच्या पानाचा पहिला शब्द एकटाच उभा दिसतो. तो रिकाब. मराठीतली घोड्याची ‘रिकीब’ याच शब्दातून आली. सुटी पाने जिल्दसाज या शब्दावरून लावीत असे.

युरोपात १४७० साली कोलोन येथे छापलेल्या एका प्रवचनाच्या पुस्तकात पत्रांवर क्रमांक आले. १४९९ मध्ये व्हेनिसच्या आल्डस मॅन्युशियसने एका ग्रंथात पृष्ठवार क्रमांक घातले.

बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांवर मात्र कारकून हातानेच आकडे लिहीत. त्यासाठी जोसेफ ब्रामा याने १८०६ साली यंत्राचे पेटंट घेतले. १८९० च्या दशकात न्यूयॉर्कच्या एडविन बेट्सचे हातयंत्र आले. शून्य ते नऊ आकड्यांची चाके एका दांड्यावर बसवलेली. प्रत्येक दाबाला एककाचे चाक एक दाता पुढे सरकते, नवानंतर शेजारचे चाक हलते. हिशेबवह्या आणि कोर्टाची कागदपत्रे त्याने क्रमांकित होऊ लागली.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका जुन्या वहीत ४६ नंतर थेट ४९ येतो. जमिनीचा करार त्याच पानावर होता, असे बुजुर्ग सांगत. पान कुणी फाडले, हे आकडा सांगत नाही. पण पान होते, हे तो कुणालाही नाकारू देत नाही. आमच्या हाती उरली ती एवढीच साक्ष.