पाचगणीचा पियानो आणि भंगारातलं सर्किट

आज जरा वेगळा विषय. 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा'. क्वीन या इंग्लिश रॉक बँडचा नोव्हेंबर १९७५ मधला अल्बम.

मी पलूसचा, मराठी मीडियमचा. इंजिनिअरिंगला होस्टेलवर रूममेटने कानाला हेडफोन लावला तेव्हा हा अल्बम पहिल्यांदा ऐकला. आवडला, पण कुणाला सांगायचं धाडस होईना. हे संगीत कॉन्व्हेंटवाल्यांचं, आपण उगाच कशाला, असं वाटायचं. मग गायकाची माहिती वाचायला घेतली आणि चक्क सातारा जिल्हा निघाला!

फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा, पारशी मुलगा. ५ सप्टेंबर १९४६ ला झांजिबारमध्ये जन्म. आईवडिलांनी आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवलं. 'फ्रेडी' हे नाव तिथलंच. पियानोही तिथेच शिकला आणि बाराव्या वर्षी मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' हा बँड काढला. १९६४ मध्ये झांजिबारला क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब घरदार सोडून लंडनजवळ फेल्टमला गेलं.

हे वाचून मी आठवडाभर भाव खाल्ला. 'आपल्याकडचा आहे तो!' रूममेट म्हणाला, "अरे, पण ती शाळा इंग्लिश मीडियमचीच ना?" गप्प बसलो. बरोबरच होतं त्याचं.

मग हा अल्बम बनला कसा ते वाचत गेलो. खरी ओळख तिथे पटली.

ब्रायन मेने आपली गिटार वडिलांबरोबर घरी बनवली होती. दांडा जुन्या फायरप्लेसच्या लाकडाचा, स्प्रिंगा मोटरसायकलच्या. बेस वाजवणारा जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. त्याला रस्त्यावरच्या कचऱ्यात एक सर्किट सापडलं, त्याचा त्याने छोटा अ‍ॅम्प्लिफायर केला. 'गुड कंपनी' गाण्यात तो वापरलाय. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'मधला कोरस म्हणजे फक्त तिघांचे आवाज, २४ ट्रॅकच्या टेपवर थरावर थर चढवलेले. जागा संपली की काही थर एकत्र करायचे. एकदा एकत्र केले की पुन्हा सुटे होत नाहीत, अन्‌डू नाहीच! टेप इतक्यांदा फिरली की वरचा लेप झिजून ती आरपार दिसायला लागली. गाणं ५ मिनिटं ५५ सेकंदांचं. रेडिओवर एवढं लांब कोण लावणार, असं लोक म्हणत होते. ब्रिटनमध्ये ते ९ आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं.

आमच्या पलूसशेजारी किर्लोस्करवाडी. १९१० पासूनची कारखान्याची वसाहत. सुट्टीच्या दिवशी भंगारातली मोटर खोलून बसणारे काका मी लहानपणापासून बघत आलोय. ही लंडनची पोरं त्याच जातकुळीतली की!

आता कुणी विचारलं तर पाचगणीचं कौतुक सांगतो, पण हक्क सांगत नाही. आवडायला गाव जवळ असावं लागत नाही.

गेल्या दिवाळीत त्या काकांना हेडफोन लावून 'गुड कंपनी' ऐकवलं. म्हटलं, हा बँडबाजा वाटतोय ना, तो नुसता गिटारवर काढलाय, मागे कचऱ्यातलं सर्किट आहे. काकांनी डोळे मिटले.

"परत लाव बघू," म्हणाले.