चुलीपासून ओट्यापर्यंत : टोकावडे परिसरातील स्वयंपाकघर व न्हाणीघर यांच्या रचनेतील स्थित्यंतर

प्रस्तावना :

वास्तूचा इतिहास म्हटला म्हणजे किल्ले, मंदिरे, लेणी आणि वाडे यांचाच विचार प्रामुख्याने होतो. सामान्य माणसाचे घर, आणि त्यातही स्वयंपाकाची व अंघोळीची जागा, इतिहासलेखनाच्या कक्षेत क्वचितच येते. वास्तविक घरातील स्त्रीच्या श्रमाचा व आरोग्याचा मोठा भाग याच दोन जागांशी निगडित असतो. या दोन जागा कोणी, कशा आणि कोणत्या कारणाने बदलल्या हे पाहणे म्हणजे समाजपरिवर्तनाचाच एक पैलू तपासणे होय.

प्रस्तुत लेखासाठी ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील टोकावडे व लगतचा शहापूर तालुक्याचा ग्रामीण भाग निवडला आहे. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या मार्गावरील या परिसरात कुणबी, आगरी, ठाकूर, महादेव कोळी व कातकरी समाजाची वस्ती आहे. जवळच सातवाहनकालीन नाणेघाट आहे. तेथे वाटसरूंसाठी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आजही पाहावयास मिळतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी घाटवाटेवर पाण्याची सोय झाली; परंतु घाटाच्या पायथ्याशी असलेल्या घराच्या स्वयंपाकघरात पाणी आणण्याचा प्रश्न एकविसाव्या शतकापर्यंत रेंगाळला, ही बाब विचार करावयास लावणारी आहे.

उद्दिष्टे :

१) पारंपरिक घरातील स्वयंपाकघर व न्हाणी यांच्या रचनेमागील कारणमीमांसा शोधणे.
२) शासकीय योजनांमुळे व शहरी संपर्कामुळे झालेल्या बदलांचा आढावा घेणे.
३) या बदलांच्या मर्यादा स्पष्ट करणे.

पारंपरिक स्वयंपाकघर :

सह्याद्रीच्या उतारावर विपुल वाढणारी कारवी ही येथील घरबांधणीची मूळ सामग्री होय. कारवीच्या काठ्यांचे कूड उभारून त्यांवर शेणमातीचा गिलावा केला जाई आणि वर गवताचे किंवा कौलांचे छप्पर असे. अशा घरात चुलीला स्वतंत्र धुराडे नसे. धूर कुडाच्या फटींतून व छपरातून बाहेर पडे.

ही रचना केवळ दारिद्र्यातून आली असे मानणे एकांगी ठरेल. चुलीच्या वर माळा असे. त्यावर पावसाळ्यासाठी लाकूडफाटा रचला जाई. बियाण्याची कणसे, सुकी मासळी व भोपळ्याच्या बिया तेथेच टांगल्या जात. धुरामुळे कीड लागत नसे, छपराचे गवत व वासे टिकत. चार महिने मुसळधार पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात चूल ही एकाच वेळी स्वयंपाकाची, घर उबदार ठेवण्याची आणि बियाणे जतन करण्याची व्यवस्था होती. चुलीला जोडून वैल असे. मुख्य चुलीची धग वाया न घालवता तिच्यावर कालवण शिजत राही. भिंतीशी उतरंड, आढ्याला शिंके, कोपऱ्यात जाते, जमिनीत पुरलेले उखळ आणि शेणाने लिंपलेली भाताची कणगी, असा या दालनाचा संसार होता.

मात्र या व्यवस्थेची किंमत स्त्रीच्या डोळ्यांनी आणि छातीने मोजली. फुंकणी घेऊन उकिडवे बसणे, तासन्‌तास धुरात राहणे, शिवाय रानातून मोळी आणणे हे तिचे नित्यकर्म होते. कर्क स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत चुलीसमोर बसलेल्या स्त्रियांच्या श्वासातील धुराचे मोजमाप करून १९८३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा घरातील धूर हा जागतिक अभ्यासाचा विषय बनला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या वर्षात घरातील हवेच्या प्रदूषणाने जगभर सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. जो धूर बियाणे राखत होता तोच माणसाला क्षीण करीत होता, हा या रचनेतील मूलभूत अंतर्विरोध होय.

न्हाणी, मोरी आणि परस :

पारंपरिक घरात न्हाणीघर नावाचे स्वतंत्र दालन बहुधा नसे. घराच्या मागील बाजूस एक सपाट दगड, भोवती कुडाचा किंवा साडीचा आडोसा आणि शेजारी तीन दगडांवर पाण्याचा हंडा, एवढीच तिची मांडणी. भांडी घासण्याची जागाही तिथेच. सांडपाणी केळीच्या व अळूच्या आळ्यात जाई. पाण्याचा प्रत्येक तांब्या दोनदा उपयोगी पडत असे.

शौचासाठी बाहेर जाणे या अर्थी ‘परसाकडे जाणे’ हा शब्दप्रयोग मराठीत रूढ झाला. घरातील एक गरज घराबाहेरच भागवावयाची असते, हे भाषेनेच गृहीत धरले होते. पुरुषांना यात विशेष अडचण नव्हती. स्त्रियांना मात्र पहाटेचा अंधार किंवा सायंकाळ यांची वाट पाहावी लागे. पावसाळ्यात, गरोदरपणात व आजारपणात हा प्रश्न अधिक बिकट होई. शुचितेच्या पारंपरिक कल्पनाही येथे आड येत. शौचकूप घरात असणे अमंगल मानले जाई. या मानसिकतेवर कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी कृतीतून प्रहार केला. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्यापासून खत करणाऱ्या सोप्या संडासांचे प्रयोग केले व सफाईच्या कामाला प्रतिष्ठा मिळवून दिली.

शासकीय योजना व घराचा नवा आराखडा :

१९८० च्या दशकात केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. धुराडे असलेली ही चूल गावोगाव बसविली गेली. परंतु धुराडे साफ करणे व दुरुस्ती यांची व्यवस्था उभी राहिली नाही. २००२ मध्ये केंद्रीय स्तरावर हा कार्यक्रम थांबला. १९८५ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेत निर्धूर चूल व शौचालय यांचा अंतर्भाव होता. तिच्या जागी २०१६ मध्ये आलेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात घराचे किमान क्षेत्रफळ २० वरून २५ चौरस मीटर करण्यात आले आणि त्यात स्वयंपाकासाठी स्वतंत्र जागा गृहीत धरण्यात आली. त्याच वर्षी १ मे रोजी उज्ज्वला योजना सुरू होऊन गरीब कुटुंबातील स्त्रीच्या नावे गॅसजोडणी देण्यास प्रारंभ झाला.

स्वच्छतेच्या बाबतीत महाराष्ट्राने २००० मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू करून गावांमध्ये स्पर्धेचे वातावरण निर्माण केले. २ ऑक्टोबर २०१४ पासूनच्या स्वच्छ भारत अभियानात शौचालयासाठी १२,००० रुपयांचे साहाय्य मिळू लागले. एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त घोषित झाला. दोन खड्ड्यांचे शौचालय हे तंत्र साधे आहे : एक खड्डा भरला की दुसरा वापरावयाचा व पहिल्यातील मैल्याचे खत होऊ द्यावयाचे. मात्र काळ्या कातळात खड्डा खणणे कष्टाचे असते आणि पावसाळ्यात भूजल वर आल्यास तो पाण्याने भरतो, या स्थानिक अडचणींचा विचार ठरीव आराखड्यात पुरेसा होत नाही.

ओट्याचे आगमन :

उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा हा शासनाने दिलेला नाही. तो शहराकडून आला. मुंबई, कल्याण व भिवंडी येथे नोकरीस गेलेल्यांनी चाळीतील व पुढे सदनिकेतील ओटा पाहिला आणि गावचे घर बांधताना कडाप्प्याचा ओटा, भिंतीला लाद्या व बाजूला मोरी यांचा आग्रह धरला. या ओट्याचे मूळ युरोपात सापडते. मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की या वास्तुविशारद स्त्रीने १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी स्वयंपाकघराचा आराखडा केला. गृहिणीची पावले मोजून शेगडी, पाणी व फळ्या यांतील अंतर कमी करणे हे त्याचे सूत्र होते.

टोकावड्याच्या परिसरात हे सूत्र लावू गेल्यास एक विसंगती लक्षात येते. ओट्यावरील शेगडी व ताटाळे यांतील अंतर दोन पावलांचे झाले, तरी पाण्याचे अंतर विहिरीपर्यंतच राहिले. ओटा आला, नळ आला नाही. शिवाय गॅसचा सिलिंडर परवडेपर्यंतच ओटा उपयोगी. म्हणून अनेक घरांत ओटा चहाला व भाजीला, आणि तांदळाच्या भाकरीला व अंघोळीच्या पाण्याला पडवीतील किंवा परसातील चूल, अशी विभागणी दिसते. तिला मागासलेपण म्हणणे योग्य नव्हे. तो उपलब्ध साधनांचा हिशेबी वापर आहे.

पाण्याचा प्रश्न :

शहापूर तालुक्यातील तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. पुढे मोडकसागर व भातसा येथील पाणीही मुंबईकडे वळले. मुंबईच्या स्वयंपाकघरांतील व स्नानगृहांतील नळ ज्या डोंगरांच्या पाण्यावर वाहतात, त्याच डोंगरांतील गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. येथील कातळ पाणी धरून ठेवत नाही, हे भौगोलिक कारण खरे. परंतु पाण्याच्या वाटपाचा निर्णय भूगोलाने घेतलेला नाही. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनने दरडोई दररोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे ध्येय ठेवले. हे पाणी मे महिन्यातही पोहोचते का, यावरच न्हाणीघर व शौचालय यांचे भवितव्य अवलंबून आहे. डोक्यावर हंडा वाहणारी स्त्री शौचालयात बादलीभर पाणी ओतताना विचार करणारच. त्यामुळे पाण्यावाचून बांधलेले शौचालय सरपण ठेवण्याची खोली बनले, तर दोष वापरणाऱ्याचा मानता येणार नाही.

आणखी एक विरोधाभास नोंदविणे आवश्यक आहे. या पट्ट्यातील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. शहरांतील पक्की स्वयंपाकघरे व न्हाणीघरे ज्या विटांनी उभी राहतात त्या विटा पाडणारी स्त्री स्वतः वर्षातील सहा-सात महिने भट्टीवरील झोपडीत, तीन दगडांच्या चुलीवर रांधते. घरकुलाचा आराखडा तिच्या या वर्षचक्राची दखल घेत नाही.

निष्कर्ष :

१) पारंपरिक स्वयंपाकघर व परस ही हवामान, शेती व पाण्याचा पुनर्वापर यांना अनुरूप व्यवस्था होती; मात्र तिचा भार स्त्रीवर विषम प्रमाणात पडत होता.
२) धूर गेला हे इष्टच झाले, परंतु त्याबरोबर बियाणे राखण्याची जागाही गेली. तिला पर्याय कोणत्याही योजनेने दिला नाही.
३) सुधारणेचा क्रम उलटा राहिला. प्रथम पाणी, नंतर मोरी व शौचालय, त्यानंतर ओटा हा स्वाभाविक क्रम असता. प्रत्यक्षात भिंती आधी आल्या.
४) घराच्या आराखड्यात जिला तेथे काम करावयाचे आहे तिचे मत विचारात घेतले गेले नाही.

टोकावडे परिसरातील घराचा इतिहास हा कुडाकडून विटेकडे झालेल्या प्रगतीचा सरळ इतिहास नाही. काय मिळाले आणि काय गमावले यांचा तो हिशेब आहे. पुढील घरकुल योजनांनी केळीच्या आळ्याकडे वळणारे सांडपाणी, बियाण्याचा माळा आणि बारमाही नळ यांचा एकत्रित विचार केला, तर हा हिशेब बरोबरीत येऊ शकेल.