तबकडीतले बालगंधर्व

बालगंधर्वांची जुनी तबकडी लागली की घरातली तरुण मंडळी हसतात. ‘हेच का ते?’ त्यावर आजोबा रागावतात : ‘तुम्ही त्यांना रंगभूमीवर ऐकायला हवे होते.’ मला वाटते, दोघेही घाई करतात.

जळगावकरांना हा वाद घरचाच. नारायण श्रीपाद राजहंस लहानपणी इथेच मेहबूबखाँ यांच्याकडे गाणे शिकले. शहरातले खुले नाट्यगृह आज त्यांच्याच नावाने आहे.

त्यांचा जन्म २६ जून १८८८ चा. त्यानंतर तीनच दिवसांनी, २९ जूनला, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हेंडेलचे ‘इस्रायल इन इजिप्त’ हे ऑरेटोरिओ, म्हणजे धर्मकथेवरचे भव्य समूहगान, चालले होते. गायक सुमारे चार हजार! एडिसनचे प्रतिनिधी कर्नल गूरो यांनी लांबच्या सज्जातून ते मेणाच्या नळकांड्यांवर टिपले. आज ते ऐकताना आधी नुसती खरखर येते. मग तिच्यामागून समुद्राची गाज यावी तसे काही. शब्द कळत नाहीत. पण लय आजच्या प्रघातापेक्षा संथ होती, एवढे मात्र कळते. म्हणजे वाईट ध्वनिमुद्रणही साक्ष देते; फक्त त्याला काय विचारायचे ते ठाऊक हवे.

धुळ्यात ज्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे आहे ते इतिहासाचार्य राजवाडे जुना कागद हाती आला की तो कुणाचा, केव्हाचा, याची आधी छाननी करीत. तबकडीही कागदच आहे. १९२५ पूर्वी ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्यासमोर गायचे. त्यात खर्जाचे आणि अगदी वरचे नाद गळत. म्हणून डग्गा बोथट वाटतो, ‘स’ पुसट होतो. हा दोष गळ्याचा नव्हे. शिवाय एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. ‘स्वयंवर’मधली (१९१६) भास्करबुवा बखल्यांच्या चालींची पदे रंगभूमीवर वन्समोअर घेत फुलायची, तबकडीत त्यांचा सांगाडा उरला.

वेगाची गोष्ट तर मोठी फसवी. ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली की आवाज जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषाच्या बाबतीत हा फरक किती मोठा! पातळ, नाजूक वाटणारा तो गळा कदाचित आपल्या यंत्राचाच असेल. साथीच्या ऑर्गनची पट्टी ठाऊक असेल तर वेग जुळवता येतो. पण तेवढी तसदी कोण घेतो?

मग उरते काय? सुराला अलगद भिडणे, शब्दाच्या वजनाने मात्रा किंचित मागे-पुढे करणे, समेवर न आदळता उतरणे. हे खरखरीतूनही ऐकू येते. आणि काही ठिकाणी, खरे सांगायचे तर, तान घाईत उरकलेलीही ऐकू येते. आजोबांनी तेही ऐकावे.

आणखी एक. त्यांच्या उतारवयातली मुद्रणेही त्याच नावाने फिरतात. साठीतल्या गळ्यावरून अठ्ठाविशीतल्या रुक्मिणीचा निकाल लावला जातो. नातवाने हसण्याआधी पाकिटावरचे साल वाचावे. नसेल, तर आजोबांना विचारावे.