बर्फाचे जहाज आणि लाकडाचा भुसा

बर्फाच्या लादीला चिकटलेला भुसा धुऊन टाकणे, हे आपल्यापैकी पुष्कळांचे लहानपणचे काम. त्या भुशाचीच हकीकत आज आम्ही सांगणार आहोत.

इ. स. १८३३ च्या मे महिन्यात ‘टस्कनी’ नावाचे जहाज बोस्टनहून कलकत्त्यास निघाले. पोटात गोठलेल्या तळ्यातून कापलेला सुमारे १८० टन बर्फ! विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार महिन्यांनी ते हुगळीत शिरले, तेव्हा त्यातला सुमारे १०० टन शाबूत होता. कलकत्त्याच्या गोऱ्या मंडळींनी वर्गणी काढून बर्फघर बांधले. गव्हर्नर-जनरल बेंटिंकने बर्फाबरोबर आलेल्या रॉजर्सला चांदीचा पेला दिला. भुशागवताचे आभार मानल्याची नोंद मात्र आमच्या पाहण्यात नाही.

या धंद्याचा जनक फ्रेडरिक ट्यूडर. १८०६ साली मार्टिनिक बेटावर त्याने पहिला बर्फ नेला तो गवतात बांधून. त्यात तोटा आला. पुढे कर्जापायी त्याला तुरुंगही पाहावा लागला. पण माणूस हट्टी. गवत, साळीचा तूस, कातडी कमावून उरलेल्या सालीचा चोथा, सारे वापरून पाहता पाहता हा व्यापार लाकडाच्या भुशावर स्थिरावला. मेन प्रांतातल्या लाकूडगिरण्या जो भुसा नदीत लोटून देत, त्याला आता गिऱ्हाईक आले.

यात किमया कसली? थंडी भुशात नसते. त्याच्या कणाकणांत अडकून पडलेली हवा उष्णता फार सावकाश वाहते, एवढेच. आपल्या गवती छपराखाली उन्हाळा सुसह्य होतो तो याच न्यायाने. पत्र्याला ते जमत नाही. मात्र आग आणि वाळवी यांच्या भयाने लोकांनी गवत टाकले, त्यांना आम्ही दोष देणार नाही. भुशालाही एक शत्रू आहेच, ओल. हवेची जागा पाण्याने घेतली की उष्णता कितीतरी अधिक वेगाने आत शिरते. म्हणून वितळलेले पाणी साचू न देणे, ही या धंद्यातली मुख्य दक्षता.

मद्रास-मुंबईलाही बर्फघरे झाली. मद्रासचे आज विवेकानंदांच्या नावाने उभे आहे. पुढे इकडेच बर्फाचे कारखाने निघाले, बोस्टनची जहाजे थांबली. कारखान्यातली लादी तेवढी हातगाडीवर आली, ती भुसा आणि गोणपाट पांघरूनच.