पाण्याखालचे मास्तर

मला पोहायला आप्पांनी शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, तर तेलाचा रिकामा डबा पाठीला बांधला आणि दिलं गंगेत ढकलून! (आमच्या सायखेड्यात गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही. ती गंगा.) आप्पा काठावर तंबाखू मळत उभे. मी चार घोट पाणी प्यायलो, रडलो, हातपाय मारले आणि आठवड्याभरात डबा सुटला. झाला कोर्स पूर्ण. ना फी, ना सर्टिफिकेट.

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. भरल्या नदीत चांदोरीच्या काठाला जाऊन परत येणारा माणूस. गावातल्या निम्म्या पोरांना त्यांनी असंच शिकवलं. "गंगेला भ्यायचं नाही, पन तिची मस्करी बी करायची नाही," एवढीच त्यांची थिअरी.

मी आठवीत असताना पोळ्याच्या दिवशी बैल धुवायला गेलेला आमच्या शाळेतला एक मुलगा डोहात गेला. त्याला काढायला त्याच्या चुलतभावाने उडी मारली. हा भाऊ पोहण्यात आम्हा सगळ्यांच्या पुढे, आप्पांचाच चेला. बुडणाऱ्याने त्याच्या गळ्याला मिठी मारली आणि दोघंही वर आले नाहीत. संध्याकाळी आप्पांनीच दोघांना बाहेर काढलं. त्यानंतर कित्येक दिवस ते मधूनच म्हणायचे, "त्याला पोहाया शिकवलं, पन ह्ये नाही शिकवलं."

या वाक्याचा अर्थ कळायला मला वीसेक वर्षं लागली. आणि तो कळला कुठे, तर मालवणच्या समुद्रात!

तर झालं असं, की एका मोठ्या रिलीजनंतर टीममधले आम्ही सातजण कोकणात गेलो. तिथे एकाकडे (नाव कशाला घ्या) स्कूबा केलं. "तोंडाने श्वास घ्या" एवढी एकच सूचना, आणि पाच मिनिटांत पाण्यात. खाली गेल्यावर कान ठणकायला लागले. तरी उगाच शान म्हणून मी अंगठा वर करून 'मस्त चाललंय' असं दाखवलं, तर त्या माणसाने मला धरून थेट वरच आणलं! पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'वर चला'. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

फोटो झकास आले. पण घरी येऊन जरा वाचायला बसलो आणि घाम फुटला. दहा मीटर खाली पाण्याचा आणि हवेचा मिळून दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे सिलिंडरमधून छाती भरून श्वास घेतला आणि तो तसाच कोंडून वर आलात, तर आतली हवा प्रसरण पावते. दुप्पट व्हायला बघते. फुफ्फुस फाटू शकतं. म्हणून स्कूबाचा पहिला नियम – श्वास कधीही रोखायचा नाही. आणि आप्पांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट कोणती? "दम धर!" गंगेत ज्या सवयीने जीव वाचतो, तीच सवय इथे जिवावर उठू शकते.

पुढच्या वर्षी मी रीतसर कोर्स केला. शिकवणारा मालवणचाच, मच्छीमाराच्या घरातला, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी तलावात गुडघ्यावर बसवून त्याने मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरायला लावलं. माझी फेफे उडाली. वर आल्यावर तो म्हणाला, "भियाव नकात, मी आसंय." मग खाली जाऊन त्याने तीच कृती करून दाखवली – इतकी सावकाश, एकेक हालचाल वेगळी काढून, की बघूनच अर्धं समजलं. पाण्याखाली बोलता येत नाही. मास्तरला फक्त हात आणि डोळे. बोलायची सोयच नसताना शिकवायचं कसं, हेसुद्धा कुणीतरी शोधून काढलं असणार ना? आप्पांना समुद्र दाखवला असता तर ते त्या पोरापेक्षा चांगले पोहले असते. पण त्या पोराला जे येत होतं ते आप्पांना येत नव्हतं.

मग याला कोणी शिकवलं? आणि त्या शिकवणाऱ्याला? धागा ओढत गेलो तर फार मजेशीर इतिहास हाती लागला.

१९४३ मध्ये फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी अ‍ॅक्वालंग तयार केलं. हवा मागाल तेवढीच, आणि आजूबाजूच्या दाबाला जुळेल अशी देणारं यंत्र. युद्ध संपलं आणि काही वर्षांत ते दुकानात विकायला आलं. आता विचार करा, यंत्र आहे, पैसे दिले की मिळतं, आणि ते वापरायला शिकवणारा कुणीच नाही! पाण्याखाली गेलेला आणि जिवंत परत आलेला प्रत्येकजण मास्तर. थोडक्यात, सगळे आप्पाच.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात स्क्रिप्स नावाची सागरविज्ञान संस्था आहे. तिथल्या कॉनरॅड लिम्बॉ या जीवशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास संशोधकांसाठी एक अभ्यासक्रम बसवला. १९५४ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या क्रीडा खात्यातला अल टिलमन आणि दोन सहकारी तिथे जाऊन शिकून आले आणि त्यांनी सर्वसामान्य लोकांसाठी प्रशिक्षण सुरू केलं. लवकरच त्यांच्या लक्षात आलं, की पाणबुडे तयार करून भागणार नाही, शिकवणारे तयार करायला हवेत. मग प्रशिक्षकांचा वेगळा कोर्स निघाला.

मला यातला सगळ्यात आवडलेला भाग पुढचा. १९५१ मध्ये सुरू झालेलं 'स्किन डायव्हर' नावाचं मासिक होतं. त्यात नील हेस हा गृहस्थ प्रशिक्षकांसाठी सदर चालवायचा. गावोगावच्या मास्तरांनी आपण काय शिकवतो, कोणत्या क्रमाने शिकवतो ते लिहून पाठवायचं. तो ते तपासणार आणि पटलं तर प्रमाणपत्र देणार. म्हणजे पोस्टाने कोड रिव्ह्यूच की! आजवर आपापल्या समुद्रकाठी एकेकटे शिकवणारे लोक पहिल्यांदाच आपलं शिकवणं दुसऱ्यासमोर उघडं करून दाखवू लागले. 'मला येतं' हे सांगणं सोपं असतं. 'मी असं शिकवतो, चुकत असेल तर सांगा' हे म्हणायला छाती लागते.

याच हेस आणि टिलमनने मिळून ऑगस्ट १९६० मध्ये ह्यूस्टनला प्रशिक्षकांचा मोठा कोर्स भरवला आणि त्यातून नावी ही संघटना उभी राहिली. त्याआधी १९५९ मध्ये वायएमसीएने आपला देशव्यापी कार्यक्रम काढला होता. १९६६ मध्ये जॉन क्रोनिन आणि राल्फ एरिक्सन यांनी इलिनॉयमध्ये पॅडी सुरू केली. क्रोनिन साहित्य विकणारा, एरिक्सन पोहण्याचा शिक्षक. आज मालवणपासून मालदीवपर्यंत ज्याची कार्डं लोक खिशात घालून फिरतात ती हीच पॅडी.

आणि लिम्बॉ? ज्याच्यापासून ही सगळी परंपरा निघाली, तो मार्च १९६० मध्ये फ्रान्समधल्या कासीजवळच्या एका पाण्याखालच्या गुहेत वाट चुकला आणि तिथेच गेला. मास्तरांचा मास्तर! उघड्या समुद्रात तो तरबेज होता, पण गुहा हे वेगळंच प्रकरण असतं, तिथे सरळ वर येता येत नाही. आज गुहेतल्या डायव्हिंगचं शिक्षण वेगळं असतं आणि बाहेरपर्यंत सलग दोरी हवी हा त्यातला पायाचा नियम आहे.

या धंद्यातले नियम बरेचसे असेच आले. कुणीतरी गेलं, बाकीचे बसले, काय चुकलं ते लिहून काढलं, आणि पुढच्या बॅचला शिकवलं. १९८० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डॅन नावाची संस्था निघाली, ती पाणबुड्यांना वैद्यकीय मदत देते आणि अपघातांच्या नोंदी गोळा करून त्यांचा अभ्यास करते. २००७ मध्ये प्रशिक्षकांसाठी चक्क आयएसओ मानक आलं. आपल्याला आयएसओ म्हटलं की ऑडिटच्या आदल्या रात्री भरलेले फॉर्म आठवतात. पण इथे त्या फॉर्मच्या मागे माणसं आहेत.

आता हे लोक प्रशिक्षक कसे बनवतात ते सांगतो. पॅडीत आधी साधा डायव्हर, मग अ‍ॅडव्हान्स्ड, मग रेस्क्यू, मग डाइव्हमास्टर, त्यानंतर प्रशिक्षकाचा कोर्स. परीक्षेला बसायला किमान १०० डाइव्ह नोंदवलेल्या लागतात. पण कोर्समध्ये तुम्ही किती छान पोहता यावर भर नसतो, ते गृहीतच धरलेलं असतं. उमेदवारांनी एकमेकांना शिकवायचं. विद्यार्थी झालेल्यांना गुपचूप सांगितलेलं असतं, की अमुक चूक मुद्दाम करा. एक मास्क काढताना श्वास रोखतो, दुसरा घाबरल्याचं सोंग करून वर पळायला बघतो. शिकवणाऱ्याला ते वेळेत दिसलं पाहिजे. आणि शेवटची परीक्षा शिकवणारा घेत नाही, बाहेरचा परीक्षक येतो. ज्याने कोड लिहिला त्यानेच टेस्ट केला की काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको :)

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं. नौदलाची पाणबुड्यांची शाळा कोचीला होतीच. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९८० च्या दशकात डॉ. एस. आर. राव यांच्या गटाने द्वारकेच्या समुद्रात उतरून पुरातत्त्वाचं काम केलं. १९९५ मध्ये जाहिरातवाले प्रल्हाद कक्कर यांनी लक्षद्वीपमध्ये कदमत बेटावर डायव्हिंगची शाळा काढली. आणि मालवण? तिथला समुद्र १९८७ मध्येच सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला होता, पण प्रवाळ बघायला खाली जाणारे कोण? २०१० नंतर हे चित्र पालटलं. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने सिंधुदुर्गात सागरी जैवविविधतेचा प्रकल्प चालला, आणि २०१५ च्या सुमारास महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला स्कूबा प्रशिक्षणाची संस्था उभारली. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचा त्यात मोठा वाटा. मच्छीमारांची मुलं त्यातून पाणबुडे झाली, काही प्रशिक्षक झाली. समुद्र त्यांना घरूनच येत होता. शिकवणं मात्र त्यांना नव्याने शिकावं लागलं.

म्हणजे आता सगळं आलबेल आहे असं नाही. २४ मे २०२२ ला स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट तारकर्लीजवळ उलटली. २० पर्यटक होते, दोघांचा जीव गेला. अपघात पाण्याखाली झालाच नाही, होडीचा झाला! खालचं सगळं शिकून वरचं राहून गेलं, तरी माणूस बुडतोच.

मी स्वतः पुढे रेस्क्यूचा कोर्स केला. त्यात बुडणाऱ्याला कसं काढायचं याचा धडा असतो. पाण्यात उतरणं हा त्यात शेवटचा पर्याय. आधी काठावरून काही पोचतंय का बघा, मग काहीतरी तरंगणारं फेका, मग होडीने जा. उतरावंच लागलं तर समोरून जायचं नाही, कारण घाबरलेला माणूस जे हाताला लागेल त्यावर चढतो. आणि त्याने मिठी मारलीच तर? त्याला घेऊन वर यायची धडपड करायची नाही, स्वतः खाली जायचं. तो आपोआप सोडतो. त्याला वर राहायचं असतं, खाली नव्हे.

हे ऐकलं आणि मी तलावाच्या कडेला सुन्न बसून राहिलो. समोर पोळ्याचा तो दिवस. दोन वाक्यांचा धडा होता हो सगळा! आप्पांना तो ठाऊक नव्हता, कारण त्यांना तो सांगणारं कुणी नव्हतं. आणि त्यांना जे ठाऊक होतं – कुठल्या डोहात भोवरा आहे, दारणेचं पाणी मिसळलं की ओढ कशी बदलते – ते कुणी लिहून घेतलं नाही. आप्पा गेले, त्यांच्याबरोबर तेही गेलं.

नाशिकला दुतोंड्या मारुती पाण्यात गेला की सायखेड्यात आवराआवर सुरू होते. २ ऑगस्ट २०१६ चा पूर तुम्हाला आठवत असेल. त्याच रात्री तिकडे महाडला सावित्रीवरचा पूल वाहून गेला आणि नौदलाचे पाणबुडे शोधकार्याला उतरले. पुन्हा ४ ऑगस्ट २०१९ ला तसाच पूर. खाली नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा, वरून गंगापूर आणि दारणेचं पाणी, मध्ये आम्ही. मोठी मदत येईपर्यंत पाण्यात उतरतात ती गावातलीच पोरं. सगळी पट्टीची पोहणारी. सगळी डब्याने शिकलेली.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा पाच-सहा जणांना घाटावर गोळा केलं. आधी टिंगल झाली. "दादा, पुण्याहून येऊन आमाला पोहाया शिकवू राह्यले का?" म्हटलं, पोहायला नाही रे बाबांनो, तुम्ही माझ्यापेक्षा भारी पोहता. मग मिठी सोडवायचं दाखवलं, कमरेएवढ्या पाण्यात. नंतर त्यांच्यातल्याच एकाला म्हटलं, आता तू शिकव, बाकीच्यांनी मुद्दाम चुका करा. त्याने पहिल्या फटक्यात दोन चुका पकडल्या, तिसरी निसटली. त्यावर त्यांचं आपापसात जे भांडण लागलं ते अंधार पडेपर्यंत चाललं, आणि मला कुणी विचारेना. वहीत मी डोहांची यादी लिहायला घेतली, तर प्रत्येकाचं मत वेगळं. यादी अजून अर्धीच आहे.

असो. पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे. दोरीची दोन बंडलं घेऊन ठेवली आहेत.