जुन्या कॅसेटची फाइल : नाव, एन्कोडिंग आणि चित्राचा दर्जा

घरातील जुन्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट भारतातून अमेरिकेत आणून ती येथील दुकानात ‘डिजिटल’ करून घेण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे. हाती येणाऱ्या फाइलच्या नावात बहुधा ‘१०८०पी’ असे ठळकपणे लिहिलेले असते. माझ्या घरी आलेल्या अशाच एका फाइलमध्ये चित्राच्या मूळ ओळी अवघ्या ४८० होत्या. उरलेल्या संगणकाने अंदाजाने भरल्या होत्या.

भारतात चित्रण ‘पाल’ पद्धतीने होत असे : पडद्यावर दिसणाऱ्या ५७६ ओळी आणि सेकंदाला २५ चौकटी. अमेरिकेतील ‘एनटीएससी’ पद्धतीत ४८० ओळी आणि सेकंदाला सुमारे २९.९७ चौकटी. दुकानदाराने कॅसेट आधी एनटीएससीत रूपांतरित केली, तर उभ्या दिशेतील ९६ ओळी तेथेच गळतात आणि चौकटींचा हिशोब जुळवताना हालचाल अडखळू लागते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा : ‘पाल कॅसेट ७२० बाय ५७६ या मूळ आकारात, २५ चौकटींनीच उतरवून द्याल का?’ ब्रिटनमध्ये ही अडचण येत नाही, कारण तेथेही पालच प्रचलित होती.

फाइलच्या नावाच्या शेवटी असणारे एमपी४, एव्हीआय वा एमकेव्ही हे शब्द दर्जाविषयी काहीच सांगत नाहीत. ते केवळ डब्याचे नाव होय. आत काय भरले आहे ते कोडेक ठरवतो. एकाच एमकेव्ही डब्यात २००३ साली प्रमाणित झालेला एच.२६४ असू शकतो, २०१३चा एचईव्हीसी असू शकतो किंवा माहितीचा एकही कण न गाळणारा एफएफव्ही१ असू शकतो. पहिले दोन डोळ्यांना सहसा न जाणवणारा तपशील टाकून देतात; पण तीच फाइल पुनःपुन्हा एन्कोड केली की ही गळती साचत जाते आणि शालूवरील जरीचा नुसता पिवळा डाग उरतो. ‘मीडियाइन्फो’ या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली की कोडेक, आकार, बिटरेट सारे दिसते. अर्थात, दुकानात आकार वाढवलेली फाइल तेथेही १०८०च दाखवील; लेबल तपासता येते, इतिहास नव्हे.

तेथेच ‘इंटरलेस्ड’ हा शब्दही शोधावा. पालची प्रत्येक चौकट दोन अर्ध्या भागांची असते : आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. म्हणजे हालचालीचे सेकंदाला ५० क्षण टिपलेले असतात. संगणकाच्या पडद्यावर अक्षता टाकणाऱ्या हातांच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात त्या यामुळेच. हा दोष काढताना घाईने एक अर्धा भाग फेकून दिला, तर निम्मी हालचाल आणि निम्म्या ओळी कायमच्या जातात. नीट केल्यास ५० पूर्ण चौकटी मिळतात. त्यामुळे मूळ प्रत इंटरलेस्डच राहू द्यावी आणि दुरुस्ती पाहण्याच्या प्रतीत करावी.

मूळ प्रत मोठी असते, हे खरे. डीव्ही स्वरूपात तासाला सुमारे १३ गीगाबाइट, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटला जवळपास ४०. आजच्या हार्ड डिस्कच्या मानाने हे ओझे नव्हे. कॅसेटवरील चुंबकीय थर मात्र दरवर्षी क्षीण होतो आणि नवे व्हीसीआर बनवणाऱ्या अखेरच्या ज्ञात कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ साली उत्पादन थांबवले.

नावाविषयी थोडेसे. ‘०५-०६-१९९१’ हे पुण्यातील काकांना ५ जून वाटते आणि न्यू जर्सीत वाढलेल्या मुलीला ६ मे. तेव्हा वर्ष आधी लिहावे : ‘१९९१-०६-०५_पुणे_लग्न_कॅसेट१_मूळ’. फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. पाहण्याच्या प्रतीला ‘मूळ’ऐवजी ‘पाहण्यासाठी’ जोडावे आणि नातेवाइकांना तीच पाठवावी. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर व्हिडिओ म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर ते ॲप ती आणखी एकदा एन्कोड करते.